खुर्ची हलते तेव्हा: सेन्सराउंडपासून सिम रेसिंगच्या शेकरपर्यंत

मागच्या भागात आपण फोर्स फीडबॅक स्टिअरिंगबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या निरोपांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: सिम रेसिंगच्या रिगला बेस शेकर लावायचे आहेत, कोणते घेऊ, आणि त्यांना अ‍ॅम्प्लिफायर कुठला जोडू? चार मॉडेलांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मॉडेलं बदलत राहतात, आणि हा प्रश्न तसा पन्नास वर्षं जुना आहे. म्हणून आधी जरा हॉलिवूडला जाऊ, मग बाजारात.

साल 1974, महिना नोव्हेंबर. युनिव्हर्सल स्टुडिओनं 'अर्थक्वेक' नावाचा सिनेमा आणला. कथा काय, तर लॉस एंजेलिस शहर भूकंपात जमीनदोस्त होतं. आता गंमत बघा, त्या शहराला तीनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 1971 मध्ये, सॅन फर्नांडोचा खराखुरा भूकंप बसला होता. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला हादरा काय असतो ते पक्कं ठाऊक. पडद्यावर नुसत्या इमारती पाडून त्याचं भागणार नव्हतं. प्रेक्षकांच्या डोक्यावर थर्माकोलचे खोटे ढिगारे टाकायचे, असंही एकदा चर्चेत आलं होतं म्हणे, ते बारगळलं. त्याऐवजी जे केलं त्याचं नाव सेन्सराउंड.

थिएटरमध्ये सर्विन-वेगा कंपनीचे कपाटाएवढे खर्जाचे स्पीकर लावले, त्यांना ताकद द्यायला बीजीडब्ल्यू कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर. भूकंपाचा प्रसंग आला की हे स्पीकर इतका खोल घरघराट सोडायचे की तो कानापेक्षा छातीला आणि खुर्चीला जास्त कळायचा. पातळी 120 डेसिबलच्या घरात. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाला अगदी चिकटून उभं राहिल्यावर बरगड्यांच्या आत जे होतं, ते आठवा. आता ढोलाचा 'धम' काढून टाका आणि फक्त ती आतली कापरी मिनिटभर चालू ठेवा. साधारण तसं.

हॉलिवूडमधल्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये या हादऱ्यांनी छताचा गिलावा सुटायला लागला. पडणारे पोपडे अडवायला प्रेक्षकांच्या डोक्यावर चक्क जाळी बांधली! थर्माकोल नको म्हणून सोडलं, आणि खरं छत खाली यायला लागलं.

सिनेमाला उत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर मिळालं, आणि सेन्सराउंड तयार करणाऱ्यांना अकादमीचा वेगळा तांत्रिक पुरस्कारही. पुढे 'मिडवे' (1976), 'रोलरकोस्टर' (1977) आणि 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' याच थाटात आले. आणि मग खेळ आटोपला. का? शेजाऱ्यांमुळे! एका इमारतीत अनेक पडदे असलेली थिएटरं तेव्हा अमेरिकेत वाढत होती. शेजारच्या पडद्यावर 'गॉडफादर पार्ट टू' चालू. तिथे कोणीतरी हळू आवाजात धमकी देतंय, आणि भिंतीपलीकडून शहर कोसळतंय. लोकांनी तक्रारी केल्या. खर्ज भिंतीला जुमानत नाही, हे त्या काळच्या थिएटरमालकांना फार महागात कळलं. ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये रिग ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

पण सेन्सराउंडमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट जाळी नव्हे. ती आहे सिग्नल. 'अर्थक्वेक'च्या फिल्मवर भूकंपाचा तो खोल खर्ज ध्वनिमुद्रित केलेलाच नव्हता. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर तो नीट मावायचाही नाही. फिल्मवर होत्या फक्त इशाऱ्याच्या खुणा: आता सुरू कर, आता वाढव, आता थांब. थिएटरमध्ये एक वेगळी पेटी होती, ती हे इशारे वाचून स्वतःच घरघराट तयार करायची. म्हणजे सिनेमा फक्त 'काय घडतंय' ते सांगत होता. हादरा कसा द्यायचा, ते पेटी बघून घेत होती.

खुर्ची हलवायची कल्पना मात्र त्याहून जुनी. 1959 मध्ये विल्यम कॅसल या दिग्दर्शकानं 'द टिंगलर' या भयपटासाठी काही खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या होत्या, आणि त्याला 'परसेप्टो' असं भारदस्त नाव दिलं होतं. तो सरळसरळ जत्रेतला खेळ होता. योग्य क्षणी मोटार सुरू करायची, लोक किंचाळणार.

सेन्सराउंडनंतर सिनेमानं वेगळा रस्ता धरला. 1977 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या 70 मिलिमीटर प्रतींवर डॉल्बीनं खर्जासाठी ध्वनिपट्ट्या राखून ठेवल्या. आता हादरा फिल्मवरच मुद्रित झाला, इशाऱ्यांची पेटी गेली. 1992 मध्ये डॉल्बी डिजिटल आलं तेव्हा ही खर्जाची वाट पक्की झाली. 'पाच पॉइंट एक' म्हणतो ना आपण, त्यातला तो 'पॉइंट एक', म्हणजेच एलएफई. 120 हर्ट्झच्या खालचा मामला. घरोघरी होम थिएटर आलं आणि त्याच्या मागे सबवूफरचं एक भोक आलं. त्या भोकात वायर घालून सोफा हलवायचा विचार कोणालातरी सुचणारच होता.

आता शेकर म्हणजे नेमकं काय, ते एकदा सांगून टाकतो. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला: चुंबक, त्यात तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू. शंकू हवा ढकलतो, आपल्याला आवाज येतो. शेकरमध्ये शंकू काढून टाकलेला असतो आणि त्याच्या जागी वजन असतं, बहुधा खुद्द चुंबकाचंच. ते वजन पुढेमागे झुलतं, आणि प्रत्येक झोक्याला ज्यावर स्क्रूनं आवळलंय त्या वस्तूला उलट धक्का देतं. बस. आवाज जवळजवळ नाही, धक्का पुरेपूर. आतलं वजन जितकं, तितकी जड वस्तू ते हलवणार. दीडशे-दोनशे ग्रॅमचं वजन चाळीस किलोच्या लोखंडी सांगाड्याला काय घाबरवणार?

कॅलिफोर्नियाच्या ऑरा कंपनीनं 1990 च्या दशकात असे शेकर घराघरांत आणि गाड्यांत पोचवले. 'बेस शेकर' हे नाव रुळलं त्यात त्यांचा वाटा मोठा. त्याच कंपनीनं 1994 मध्ये 'इंटरॅक्टर' काढला. सेगा आणि निन्टेंडोच्या खेळांसाठी पाठीवर घालायचं दप्तरासारखं यंत्र, खेळाचा आवाज आत घेऊन त्यातला खर्ज पाठीवर ठोकणारं. कल्पना झकास. फक्त त्या बिचाऱ्याला ठोसा कुठला आणि पार्श्वसंगीतातला ढोल कुठला, हे कळायला काही मार्ग नव्हता. आवाजातून हादरा काढायचा म्हटलं की ही अडचण येतेच, आजही.

अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या गिटॅमर कंपनीचा 'बटकिकर' हा दुसरा मोठा घराणेदार. नाव काही सभ्य नाही, पण अर्थ चटकन कळतो. तो सोफ्याखाली गेला, आणि ड्रमवाल्यांच्या स्टुलाखालीही गेला. हे दुसरं मला फार बोलकं वाटतं. मंचावरच्या वादकांनी कानात इअरफोन घालायला सुरुवात केली, तेव्हा ड्रमवाल्याचा स्वतःच्या पायाखालच्या ड्रमशी असलेला अंगाचा संबंध तुटला. कानाला ठोका ऐकू येतोय, पण बसतोय कुठे ते कळेना. स्टुलाखालच्या शेकरनं ते परत दिलं. त्याला थरार नको होता, खबर हवी होती.

माझ्या मते शेकर घेताना खरा निर्णय हाच: तुम्हाला थरार हवाय की खबर? दोन्हीला पैसे लागतात, पण वेगळ्या ठिकाणी.

खबर म्हणजे काय ते एसटीच्या शेवटच्या सीटवर बसणाऱ्याला विचारा. डोळे मिटलेले असले तरी त्याला कळतं, डांबर संपलं, घाट लागला, ड्रायव्हरनं गिअर टाकला. पार्श्वभागातून पोचणारं हे ज्ञान रेसिंग ड्रायव्हरसाठी तर अर्धी शिदोरी. मागची चाकं निसटायला लागली की ते आधी पाठीला आणि मांड्यांना कळतं, डोळ्यांना नंतर. सिम्युलेटरमध्ये नेमकं हेच हरवतं. स्टिअरिंग पुढच्या चाकांचं सांगतं. मागच्या चाकांचं आणि ब्रेकचं सांगायला कोणी नाही. म्हणून घरात बसून खेळणारा माणूस प्रत्येक वळणावर उशिरा सावरतो आणि 'गेम अवघड आहे' म्हणतो.

सुरुवातीला सिम रेसिंगवाल्यांनीही होम थिएटरचाच मार्ग घेतला. खेळाचा आवाज, त्यातला खर्ज, शेकर. इंजिन गुरगुरलं की सीट गुरगुरते, पहिल्या दिवशी भारी वाटतं. पण ब्रेक जास्त दाबून चाक लॉक झालं, तर आवाजात काय येतं? टायरची किंचाळी. ती उंच स्वराची, शेकरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे सगळ्यात मोलाची खबर गाळणीतच अडकली.

वाट सापडली ती खेळांनी स्वतःचे आकडे बाहेर द्यायला सुरुवात केल्यावर. 'लाइव्ह फॉर स्पीड'नं आउटसिम नावाची सोय दिली होती. 2008 मध्ये आलेल्या आयरेसिंगनं आणि पुढे 'असेटो कोर्सा'नं सस्पेन्शनची हालचाल, ब्रेक, गिअर हे सगळं दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचायला मोकळं केलं. याला म्हणतात टेलिमेट्री. मग सिमव्हाइब आलं, आज बहुतेक लोक सिमहब वापरतात. ते फुकट मिळतं, परवाना घेतला तर आकडे जास्त वेगानं ताजे होतात.

आता इथे थांबून नीट बघा. आयरेसिंग हे चालू आकडे सेकंदाला 60 वेळा देतं. 60 नोंदींतून फार तर 30 हर्ट्झपर्यंतची थरथर जशीच्या तशी उभी करता येते. मग सीटखाली 50 हर्ट्झची घरघर येते कुठून? ती सिमहब स्वतः तयार करतं! खेळ फक्त 'काय घडतंय' ते सांगतो. हादरा कसा द्यायचा ते प्रोग्रॅम बघून घेतो. 1974 च्या सेन्सराउंडमधली पेटीच की ही. मधल्या तीसेक वर्षांत आवाजातून खर्ज गाळायचा लांबचा वळसा घेऊन मंडळी परत त्याच पेटीपाशी आली.

सिनेमावालेही आले, बरं का. क्वेबेकमधल्या डी-बॉक्स कंपनीच्या हलणाऱ्या खुर्च्यांवर पहिला सिनेमा एप्रिल 2009 मध्ये लागला, 'फास्ट अँड फ्युरिअस'. त्यात खुर्चीसाठी हालचालींची वेगळी पट्टी माणसांनी बसून लिहिलेली असते, आवाजापासून स्वतंत्र.

चला, आता बाजारात. पहिला खर्च शेकरचा नाही, सिग्नलचा. आणि तो जवळपास शून्य आहे. कॉम्प्युटरला वेगळं साऊंड कार्ड जोडा. दोन शेकरना साधं यूएसबी कार्ड पुरतं, चार कोपऱ्यांना चार हवे असतील तर 7.1 वालं. खेळाचा आवाज हेडफोनला, सिमहबचा सिग्नल या कार्डाला. दोन्ही एकत्र करायचे नाहीत.

शेकर किती आणि कुठे? मी पहिला पेडलच्या पाटीवर लावायला सांगेन. लोक आधी सीटखाली लावतात, कारण थरार तिथे आहे. पण चाक लॉक झाल्याची खबर तळपायाला मिळाली तर पाय आपोआप उचलतो, विचार करावा लागत नाही. पेडलची पाटी हलकी असते, तिथे डेटन ऑडिओचा छोटा 'पक' किंवा तत्सम पंधरा-वीस वॉटचा शेकर पुरतो. दुसरा सीटखाली: मागची चाकं, गिअरचा ठोका, रस्त्याचे खड्डे. तिथे ऑरा किंवा डेटनचा 50 वॉटचा, 4 ओहमवाला ठीक. बटकिकरचे मोठे भाऊ खरंच 20 हर्ट्झच्या खाली उतरतात, पण त्यांची किंमत आणि त्यांचा शेजाऱ्यांवरचा परिणाम दोन्ही त्याच मापाचे.

छोट्या शेकरचा एक स्वभाव सांगून ठेवतो. त्यांचा स्वतःचा सूर असतो, बहुतेकांचा 40 हर्ट्झच्या आसपास. त्या सुरावर ते अंगात आल्यासारखे थरथरतात, खाली-वर गेलं की मलूल. आता हिशेब करा. कर्बवर दर अर्ध्या मीटरला एक उंचवटा आहे असं धरू. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणजे 40 ठोके. ताशी 108 ला 60 ठोके. म्हणजे हळू गेलात तर कर्ब जोरात लागेल आणि वेगात गेलात तर मऊ, खऱ्याच्या बरोबर उलटं! म्हणून सिमहबमध्ये प्रत्येक परिणामाचा जोर वारंवारतेप्रमाणे कमी-जास्त करायला वेळ द्या. एक संध्याकाळ जाईल, पण महागड्या शेकरपेक्षा या संध्याकाळीनं जास्त फरक पडतो.

इंजिनाचंही असंच. चार सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन 900 आरपीएमवर सेकंदाला 30 स्फोट करतं, 6000 वर 200. सतत चालणारी ही घरघर चालू ठेवली की बाकी खबर तिच्याखाली बुडते. शिवाय शेकरचं वेटोळं तापतं. स्पीकरमध्ये शंकू हलतो तेव्हा थोडी हवा खेळते, शेकर तर बंद डबी. मी तर इंजिनाचा परिणाम बंदच ठेवतो, किंवा इतका बारीक की बंद केल्यावरच तो होता हे कळावं.

आता अ‍ॅम्प्लिफायर. बीजीडब्ल्यूच्या काळात खर्जाला ताकद द्यायची म्हणजे एकट्यानं उचलवत नाही असं धूड लागायचं. आज क्लास-डी पद्धतीच्या चिपनं ते काम हातावर मावणाऱ्या डबीत आणलंय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए3116 ही चिप कितीतरी स्वस्त डब्यांत सापडेल. ती योग्य व्होल्टेजवर, 4 ओहमला, प्रत्येक बाजूला 50 वॉट देते. पण डबीवर छापलेलं असतं '100 + 100'. अशा वेळी डबी सोडा, अडॅप्टर बघा. 24 व्होल्ट, 4 अँपिअर लिहिलंय? गुणाकार 96 वॉट. दोन्ही बाजू मिळून, तोटा धरायच्या आधी. दोनशे वॉट येणार कुठून?

तरी दोन शेकरसाठी ती डबी पुरते. थोडी जास्तीची ताकद असलेली बरी, कारण अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळला की लाट कापली जाते, आणि कापलेल्या लाटेनं छोटा शेकर आणखी तापतो. घरात जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात असेल तर तोही चालतो. मात्र फक्त सबवूफरसाठी बनवलेल्या एका वाहिनीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मोहात पडू नका. डावं-उजवं गेलं की निम्मी खबर गेली. 4 ओहमचे दोन शेकर एकाच टोकाला समांतर जोडले तर भार 2 ओहमचा होतो आणि बऱ्याच छोट्या डब्या तिथे मान टाकतात. एकामागे एक जोडले तर 8 ओहम, ताकद कमी पण धोका नाही. परदेशातून मागवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर 110 व्होल्टच लिहिलंय का, हे प्लग खुपसायच्या आधी वाचा. चार मोठे शेकर असतील तरच बेहरिंगरसारख्या मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे बघा. त्यांना पंख्याचा आवाज असतो, आणि पुठ्ठ्यावरचा मोठा आकडा क्षणिक ताकदीचा असतो.

राहिले शेजारी. भिंतीला फोम चिकटवून काही होत नाही. 20 हर्ट्झची लाट हवेत सतरा मीटर लांब असते, दोन इंची फोमची तिला जाणीवही होत नाही. आणि इथे हवा मुळात दोषी नाही, स्लॅब आहे. धक्का सांगाड्यातून फरशीत, फरशीतून खालच्यांच्या छतात. म्हणून रबर दोन ठिकाणी हवं. एक, शेकर ज्या पाटीवर आहे ती पाटी आणि सांगाडा यांच्यामध्ये, म्हणजे पेडलचा हादरा पेडलपाशीच राहतो आणि सीटच्या हादऱ्यात मिसळत नाही. दोन, सांगाडा आणि फरशी यांच्यामध्ये. पहिल्या रबरानं खबर स्वच्छ होते, दुसऱ्यानं सोसायटीच्या मीटिंगमधला एक विषय कमी होतो.

आणि हे सगळं बसवल्यावर एक चाचणी करा. घरातल्या कोणालातरी खालच्या मजल्यावर पाठवा, अर्थात त्यांना विचारून, फोन चालू ठेवा. सिमहबमधून 20 पासून 80 हर्ट्झपर्यंत एकेक सूर सोडा. कुठल्या आकड्याला खालच्यांच्या मांडणीतली भांडी किणकिणतात ते लिहून घ्या. तेवढा पट्टा रात्री नऊनंतर बंद. बहुतेक वेळा तो एकच अरुंद पट्टा निघतो, आणि तो काढल्यावर तळपायाला फारसा फरक कळत नाही.

तुमच्या रिगवर काय लावलंय, कुठे लावलंय, लिहून कळवा. पुढच्या भागात ब्रेक पेडल. लोड सेलचे पैसे वसूल होतात का, ते बघू.